वाचकांचे प्रश्न : आपले रुग्णालय संगणकप्रणालीसाठी तयार आहे का?

प्रश्न : तालुक्याच्या गावी आमच्या विश्वस्त संस्थेचे ६० खाटांचे रुग्णालय आहे. ओपीडी, दोन सामान्य वॉर्ड, प्रसूती विभाग, छोटा अतिदक्षता विभाग, स्वतःची पॅथॉलॉजी आणि औषध दुकान असा पसारा आहे. बिले संगणकावर निघतात, बाकी सर्व काम केसपेपरवर चालते. संपूर्ण रुग्णालयासाठी संगणकप्रणाली घ्यावी असे विश्वस्तांनी ठरवले असून तीन कंपन्यांची प्रात्यक्षिके पाहून झाली आहेत. तीन-चार महिन्यांत कागद बंद होईल, असे तिघांनीही सांगितले. आमचे ज्येष्ठ शल्यचिकित्सक मात्र ‘आपली अजून तयारी नाही’ एवढेच म्हणतात आणि पुढे बोलत नाहीत. ही तयारी मोजायची कशी? त्यासाठी काही गुणपत्रिका असते का? — एक विश्वस्त, सोलापूर जिल्हा

उत्तर : करारावर सही करण्यापूर्वी आपण हा प्रश्न विचारला, याचे मला फार समाधान वाटते, कारण या विषयावर मला येणारी बहुतेक पत्रे सही होऊन वर्ष उलटल्यानंतरची असतात. गुणपत्रिका आहेत. रुग्णालयांना मानांकन देणाऱ्या एनएबीएच या संस्थेने २०२३ मध्ये डिजिटल आरोग्यासाठी स्वतंत्र मानके काढली, ती आपण अवश्य चाळावीत. परंतु गुण भरायला बसण्यापूर्वी तयारी म्हणजे काय, हे एकदा मनाशी स्पष्ट केलेले बरे. अमेरिकेतील अभ्यासक ब्रायन वायनर यांनी २००९ मध्ये याची जी मांडणी केली, तिच्यात दोन गोष्टी मुख्य आहेत. हा बदल करायचाच, असा संस्थेतील सर्वांचा मिळून निर्धार, ही पहिली; आणि तो आपल्या हातून होईल, असा सर्वांचा मिळून विश्वास, ही दुसरी. आपल्या पत्रात विश्वस्तांचा निर्धार दिसतो, पण शल्यचिकित्सकांचा विश्वास दिसत नाही. तेव्हा ते गप्प का आहेत, हे त्यांच्या खोलीत शांतपणे बसून ऐकून घेणे, हे मूल्यमापनाचे पहिले काम होय. वीस-पंचवीस वर्षे एकाच वॉर्डात राउंड घेणाऱ्या माणसाला पाणी कुठे मुरते हे ठाऊक असते. ते त्याला कुणी विचारलेले नसते, इतकेच.

आपल्या विश्वस्तांच्या बैठकीत एक उदाहरण जरूर सांगावे. अमेरिकेतील पिट्सबर्ग येथील बालरुग्णालयात २००२ च्या अखेरीस डॉक्टरांनी औषधांच्या व तपासण्यांच्या सूचना संगणकावरच नोंदवायच्या, अशी पद्धत सुरू झाली. दुसऱ्या रुग्णालयांतून तातडीने हलवून आणलेल्या मुलांचा तेथे अभ्यास झाला. तो २००५ मध्ये प्रसिद्ध झाला, तेव्हा त्या मुलांमधील मृत्यूचे प्रमाण २.८० टक्क्यांवरून ६.५७ टक्क्यांवर गेल्याचे दिसले. या निष्कर्षावर पुढे पुष्कळ चर्चा झाली, आणि एकट्या संगणकावर दोष टाकणे योग्य होणार नाही. मात्र तेथे काय काय घडले, ते वाचण्याजोगे आहे. मूल रुग्णालयात पोहोचून त्याची नोंदणी होईपर्यंत संगणक त्याच्यासाठी औषध मागवू देत नसे. पूर्वी मूल वाटेत असतानाच सर्व तयारी होत असे. अतिदक्षता विभागात हाताशी असणारी औषधे मध्यवर्ती औषधभांडारात गेली. काही सेकंदांत लिहून होणाऱ्या सूचनेला आता एक-दोन मिनिटे लागू लागली, आणि तेवढा वेळ एक डॉक्टर किंवा परिचारिका खाटेपासून दूर, पडद्यासमोर राहिली. अतिदक्षता विभागासाठी नेहमीच्या सूचनांचे तयार संच आधी बनवलेले नव्हते आणि सारा बदल अवघ्या सहा दिवसांत उरकण्यात आला होता.

त्यानंतर सिॲटल येथील बालरुग्णालयाने त्याच कंपनीची प्रणाली आपल्या अतिदक्षता विभागात आणली. तेथील अभ्यास २००६ मध्ये प्रसिद्ध झाला. मृत्यूचे प्रमाण तेथे वाढले नाही. त्यांनी सूचनांचे संच सुरुवातीपासून तयार ठेवले होते. प्रणालीची कंपनी एक, रुग्ण दोन्हीकडे गंभीर आजारी बालकेच. मोठा फरक तयारीत होता. कोणती कंपनी चांगली, या वादात विश्वस्त मंडळे महिनोन्‌महिने घालवतात आणि आपले काम आज कसे चालते, हे पाहायला कुणाला सवड होत नाही, याची मला खरोखर खंत वाटते.

आता मोजायचे कसे, ते सांगतो. एका सकाळी नोंदणीच्या खिडकीपाशी उभे राहावे, दाखल होणाऱ्या एका रुग्णाची परवानगी घेऊन त्याचा केसपेपर निवडावा आणि डिस्चार्ज कार्ड हातात पडेपर्यंत त्याच्या मागे चालावे. मी एकदा मराठवाड्यातील एका रुग्णालयात पित्ताशयाच्या शस्त्रक्रियेसाठी आलेल्या एका बाईंच्या केसपेपरमागे असा दोन दिवस फिरलो होतो. त्यांचे नाव नऊ ठिकाणी हाताने लिहिले गेले. नोंदणीत सासरचे आडनाव होते, जुन्या सोनोग्राफीच्या अहवालावर माहेरचे. नावातील वेलांटी कुठे पहिली होती, कुठे दुसरी. वय केसपेपरवर ३८, भूलतज्ज्ञांच्या कागदावर ४१. पॅथॉलॉजीच्या चिठ्ठीवर नोंदणी क्रमांकच नव्हता, ‘महिला वॉर्ड, खाट ७’ एवढेच होते, आणि दुपारी त्यांना खाट ११ वर हलवल्यावर रक्ताचा अहवाल संध्याकाळपर्यंत खाट ७ च्या उशाशी पडून राहिला. तो अहवाल कोणाचा, हे वॉर्डातल्या मावशींनी चेहऱ्यावरून ओळखले आणि तो योग्य हातात दिला. संगणकाला चेहरा ओळखता येत नाही. त्याने त्या एका बाईंच्या तीन बाई केल्या असत्या. म्हणून प्रत्येक कागदावर, प्रत्येक नळीवर एकच क्रमांक लिहिण्याची सवय आपल्या रुग्णालयात आज कागदावर आहे का, हे आधी तपासा. नसेल, तर ती लावण्यासाठी एक पैसाही खर्च करावा लागत नाही आणि ती लागल्याशिवाय प्रणाली आणू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

दुसरी कसोटी याद्यांची. आपले दरपत्रक मागवा आणि औषध दुकानाची औषधांची यादी मागवा. दरपत्रकावर पेनाने खाडाखोड असेल, एका डॉक्टरांचा दर तोंडी ठरलेला असेल, महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेतील रुग्णाला एक आणि कॅशलेस विम्याच्या रुग्णाला दुसरा हिशेब बिलिंगवाल्यांच्या डोक्यातच असेल, तर तो सगळा गुंता कंपनीचे लोक येऊन सोडवणार नाहीत. तुमचेच लोक पुढचे सहा महिने तो सोडवत बसतील. औषधांच्या यादीत एकच पॅरासिटामॉल चार ब्रँडच्या नावांनी आणि वेगवेगळ्या मात्रांनी असते, ते एका मूळ नावाखाली आणणे हे फार्मासिस्टचे आणि एका डॉक्टरांचे काम आहे, संगणक अभियंत्याचे नव्हे. या दोन याद्या स्वच्छ करायला तुमच्या माणसांना किती आठवडे लागतात, ते नीट मोजा. कंपनीने सांगितलेल्या कोणत्याही वेळापत्रकापेक्षा तो आकडा मला अधिक विश्वसनीय वाटतो.

तिसरी कसोटी रात्रीची, आणि ती मला सर्वांत महत्त्वाची वाटते. प्रात्यक्षिक दुपारी, वातानुकूलित खोलीत, कंपनीच्या लॅपटॉपवर होते. तुम्ही मात्र रात्री दीड वाजता वॉर्डात जाऊन बसा. दोन वॉर्डांना मिळून एक सिस्टर आणि एक निवासी डॉक्टर (आरएमओ) असतो. ताप वाढलेल्या रुग्णासाठी तज्ज्ञ डॉक्टरांना (कन्सल्टंटना) फोन होतो, ते झोपेतच औषध सांगतात, सिस्टर ते आपल्या वहीत टिपते, औषध देते, आणि सकाळच्या राउंडला डॉक्टर केसपेपरवर लिहून सही करतात. ही पद्धत आदर्श आहे असे मी म्हणत नाही, पण ती आहे. आता प्रणाली आल्यावर त्या तोंडी सूचनेचे काय होईल, हे तिन्ही कंपन्यांना विचारा आणि त्याचे उत्तर शब्दांत न घेता पडद्यावर करून दाखवायला सांगा. जेथे याचे उत्तर आधी शोधलेले नसते, तेथे पंधरा दिवसांत डॉक्टरांचा पासवर्ड सिस्टरकडे येतो आणि कळफलकाखाली चिठ्ठीवर चिकटतो. मग संगणकातील प्रत्येक नोंद डॉक्टरांच्या नावे असते आणि त्यांतील निम्म्या त्यांनी पाहिलेल्याही नसतात. कोर्टकचेरी उद्भवली, तर त्या सिस्टरच्या बाजूने उभा राहील असा एकही कागद उरत नाही.

वीज, नेटवर्क, इन्व्हर्टर यांविषयी थोडक्यात. प्रत्येक वॉर्डात मोबाइल घेऊन कोपऱ्याकोपऱ्यांत उभे राहा, शस्त्रक्रियागृहाच्या आणि एक्स-रे खोलीच्या जाड भिंतींमागे विशेष पाहा. जनरेटर सुरू होईपर्यंतच्या मधल्या वेळात सर्व्हर आणि वॉर्डातले संगणक दोन्ही चालू राहतात का, ते मुख्य स्विच खरोखर बंद करून पाहा. हे सगळे पैशाने सुटणारे प्रश्न आहेत.

पैशाने न सुटणारा प्रश्न अधिकाराचा आहे. प्रणाली बसवताना रोज लहानलहान निर्णय घ्यावे लागतात : डिस्चार्ज समरी कोणी लिहायची, औषधाचे इंडेंट (मागणीपत्र) रात्री कोणी मंजूर करायचे, तपासणीचा दर कोणी बदलायचा. यासाठी वैद्यकीय बाजूचा एक माणूस हवा, ज्याचा शब्द कन्सल्टंटही मानतात आणि ज्याचे निम्मे नेहमीचे काम तेवढ्या काळापुरते दुसऱ्याकडे दिलेले आहे. ‘आमचा संगणकवाला मुलगा पाहील’ असे उत्तर आपल्याकडे सर्रास ऐकू येते. तो मुलगा हुशार असतो, कष्टाळू असतो, पण तो शल्यचिकित्सकांना थांबवू शकत नाही, आणि त्याला त्या जागी उभे करणे हे त्याच्यावर अन्यायाचे आहे. माझ्या अंदाजाने आपले ज्येष्ठ शल्यचिकित्सकच त्या जागी शोभतील. त्यांची शंका हीच त्यांची पात्रता समजा.

हे सर्व पाहून झाल्यावर बेरीज करून १०० पैकी गुण काढू नका. नेटवर्कचे २० आणि अधिकाराचे शून्य मिळून पास होता येत नाही. एकच क्रमांक, स्वच्छ याद्या, तोंडी सूचनेचे उत्तर आणि अधिकार असलेला माणूस, यांपैकी एखादी गोष्ट जरी कमी असेल, तरी सही पुढे ढकलावी. चारही असतील, तर आधी नोंदणी व पॅथॉलॉजी, मग औषध दुकान, त्यानंतर वॉर्ड आणि सर्वांत शेवटी अतिदक्षता विभाग अशा क्रमाने जावे. तीन-चार महिन्यांत आपल्या आकाराच्या रुग्णालयात नोंदणी, बिल आणि पॅथॉलॉजी चांगली बसली, तरी मी ते यश मानेन.

प्रश्न : मी एका खासगी रुग्णालयात मेट्रन आहे. संगणकप्रणालीपूर्वी ‘तयारीचे सर्वेक्षण’ म्हणून व्यवस्थापनाने आम्हाला एक प्रश्नावली दिली आहे. ‘नव्या तंत्रज्ञानाचा आपल्याला उपयोग होईल का’, ‘आपण बदलासाठी उत्सुक आहात का’ असे प्रश्न आणि पाच पर्याय आहेत, वर नाव व कर्मचारी क्रमांक लिहायचा आहे. माझ्या सिस्टरांनी सर्व ठिकाणी ‘पूर्ण सहमत’वर खूण केली. मला हे खोटे वाटते, पण खरे लिहिले तर आम्ही विरोधक ठरू. मी काय करावे? — एक परिचारिका, नाशिक

उत्तर : आपली अस्वस्थता अगदी रास्त आहे. वर नाव असलेल्या अशा कागदावर दुसरे उत्तर येणे शक्यच नव्हते, आणि त्या ‘पूर्ण सहमत’ खुणांच्या भरवशावर व्यवस्थापन मोठा खर्च करणार असेल, तर ते स्वतःचीच फसवणूक करून घेत आहे. मतांची प्रश्नावली घ्यायचीच असेल, तर ती निनावी असावी आणि तिच्या उत्तरांची वॉर्डनिहाय विभागणीही करू नये, कारण चारच सिस्टर असलेल्या विभागात निनावी उत्तरालाही चेहरा असतो.

तरीही मी तुम्हाला प्रश्नावलीशी भांडत बसा असे सुचवणार नाही. मतांऐवजी काम दाखवा. आपल्या एका वॉर्डातील सर्व रजिस्टरे टेबलावर मांडा : दाखल-डिस्चार्ज रजिस्टर, हँडओव्हरची वही, टीपीआर (ताप, नाडी, श्वास) चार्ट, इनटेक-आउटपुट (शरीरात गेलेल्या व बाहेर पडलेल्या द्रवांची नोंद), औषधांचा तक्ता, इंडेंटचे पुस्तक, ऑक्सिजनची नोंद, आणखी जे असेल ते. प्रत्येकापुढे एकच प्रश्न लिहा : प्रणाली आल्यावर हे बंद होणार का, आणि बंद करण्याचा हुकूम कोण व कोणत्या तारखेला काढणार? या एका तक्त्याने जे उघड होईल, ते चाळीस प्रश्नांच्या प्रश्नावलीने होणार नाही. परिचारिकांचा विरोध संगणकाला असतो, हा समज मी अनेक ठिकाणी खोटा ठरताना पाहिला आहे. त्यांचा विरोध दुबार लेखनाला असतो. आधी कागदावर, मग पाळी संपल्यावर अर्धा तास थांबून तेच संगणकात, असे जेथे महिनोन्‌महिने चालते, तेथे रात्री दहाचा ताप, सकाळी सहाचा ताप आणि मधले दोन्ही आकडे एकाच वेळी, आठ वाजून दहा मिनिटांनी भरले जातात. पडद्यावर तक्ता पूर्ण दिसतो, पण रात्री दोन वाजता रुग्ण बिघडू लागला होता, हे त्यातून कुणालाही वेळेवर कळत नाही. एखाद्या आईच्या रक्तदाबाच्या बाबतीत असे झाले, तर त्याची किंमत काय असते, हे आपल्याला मी सांगायला नको.

या तक्त्यासोबत व्यवस्थापनाकडे दोन गोष्टी लेखी मागा. प्रशिक्षण पाळीच्या वेळेत व्हावे, साप्ताहिक सुट्टीच्या दिवशी नव्हे, आणि त्या वेळेपुरती वॉर्डात बदली सिस्टर असावी. प्रत्येक पाळीत, रात्रपाळीतही, अडचण आल्यास मदत करणारी एक व्यक्ती पहिले काही आठवडे प्रत्यक्ष मजल्यावर असावी; फोनवरची मदत रात्री दोन वाजता कामाची नसते. आपल्या पदाला या मागण्या करण्याचा पूर्ण अधिकार आहे. ज्या व्यवस्थापनाला त्या मान्य होत नाहीत, त्याने आपल्या तयारीचे उत्तर स्वतःच दिलेले असते.

प्रश्न : आम्ही दोघे डॉक्टर मिळून १५ खाटांचे नर्सिंग होम चालवतो. आभा, आयुष्मान भारत डिजिटल मिशन यांविषयी सतत संदेश येतात. दुसरीकडे मोठ्या रुग्णालयांवरील सायबर हल्ल्यांच्या बातम्या वाचून भीती वाटते. इतक्या लहान ठिकाणी तयारी कशी तपासावी? — एक डॉक्टर, सांगली जिल्हा

उत्तर : आयुष्मान भारत डिजिटल मिशन, म्हणजे आरोग्याच्या नोंदी डिजिटल पद्धतीने जोडण्याचा केंद्र सरकारचा उपक्रम, २७ सप्टेंबर २०२१ रोजी देशभर सुरू झाला. त्यातील आभा म्हणजे रुग्णाचा १४ अंकी आरोग्य क्रमांक. तो घेणे ऐच्छिक आहे आणि त्याच्याशी जोडलेल्या नोंदी दुसऱ्या डॉक्टरांना रुग्णाच्या संमतीनेच दिसतात. आपण दोघांची नोंद वैद्यकीय व्यावसायिकांच्या नोंदवहीत आणि नर्सिंग होमची आरोग्य संस्थांच्या नोंदवहीत करून ठेवावी. त्यासाठी प्रणाली विकत घेण्याची गरज नाही आणि घाईही नाही.

भीती मात्र अनाठायी नाही. २३ नोव्हेंबर २०२२ रोजी दिल्लीच्या एम्समधील सर्व्हर खंडणीसाठी केलेल्या सायबर हल्ल्यात बंद पडले आणि देशातील त्या अग्रगण्य रुग्णालयाला सुमारे दोन आठवडे हाताने काम करावे लागले. ते काम चालू राहिले, कारण कागदावर काम करणारी माणसे तेथे होती. आपल्याकडेही कोरे केसपेपर, औषध तक्ते आणि तपासणीच्या चिठ्ठ्या यांचा आठवडाभर पुरेल इतका गठ्ठा कपाटात कायम असावा आणि तो कुठे आहे, हे रात्रीच्या सिस्टरला ठाऊक असावे. लहान ठिकाणी धोका बहुधा परदेशी टोळीपेक्षा जवळून येतो : स्वागतकक्षातील ज्या संगणकावर रुग्णांच्या नोंदी आहेत, त्याच्यावरच कुणी तरी चित्रपट उतरवतो, किंवा अहवाल वैयक्तिक मोबाइलवरून पाठवले जातात आणि तो कर्मचारी नोकरी सोडून जातो. डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण अधिनियम, २०२३ प्रमाणे माहितीच्या सुरक्षेची पुरेशी काळजी न घेतल्यास दंडाची कमाल मर्यादा २५० कोटी रुपये आहे. एवढा दंड लहान नर्सिंग होमला होईल असे नव्हे; पण जबाबदारी प्रणाली विकणाऱ्यावर ढकलून आपण मोकळे होत नाही, एवढे लक्षात घ्यावे.

वैद्यकीय परिषदेच्या २००२ च्या नियमांनुसार आंतररुग्णाच्या नोंदी तीन वर्षे जपणे आणि मागितल्यास ७२ तासांत देणे आपल्यावर बंधनकारक आहे. तेव्हा करारात एवढे स्पष्ट लिहून घ्या की, सर्व नोंदी आपल्या मालकीच्या राहतील आणि करार संपताच त्या कुठेही उघडता येतील अशा स्वरूपात, वेगळे पैसे न आकारता परत मिळतील. ‘बॅकअप (नोंदींची राखीव प्रत) रोज घेतो’ असे कंपनी म्हणते, त्यावर थांबू नका. एखाद्या रविवारी दुपारी, ओपीडी नसताना, त्यांच्या माणसाला बोलवा, मूळ सर्व्हर बंद करायला लावा, दुसऱ्या एखाद्या संगणकावर त्या बॅकअपमधून गेल्या महिन्यातील एका रुग्णाचा केसपेपर उघडून दाखवायला सांगा आणि घड्याळ लावून बसा.